गिझर किती लिटरचा घ्यावा? पुण्यातल्या एका फ्लॅटमधला गरम पाण्याचा हिशेब

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातली सात मजली सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आणि घरात पाच माणसं: नोकरी करणारं जोडपं, अकरावीतला मुलगा, आठवीतली मुलगी आणि पंचाहत्तरीच्या आजी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बाथरूम दोन. कॉमन बाथरूममध्ये चौदा वर्षांपूर्वीचा २५ लिटरचा गिझर. तिथे बाबा आणि दोन्ही मुलं आंघोळ करतात. आजींच्या खोलीला जोडलेल्या बाथरूममध्ये १५ लिटरचा तितकाच जुना गिझर. तो आजी आणि सूनबाई वापरतात. पाणी महापालिकेचं आणि बोअरचं एकत्र, एप्रिल-मेमध्ये त्यात टँकरची भर. कडकपणा तपासला तेव्हा लिटरला ४२० मिलिग्रॅम भरला, म्हणजे बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटवणारं पाणी. गच्चीवर सोसायटीचं पाणी तापवणारं सोलर आहे, पण त्याची लाइन प्रत्येक फ्लॅटच्या एकाच, म्हणजे कॉमन बाथरूमला येते.

अडचण

दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. जानेवारीचं लाइटबिल ४१२ युनिटांवर गेलं आणि मोठ्या गिझरच्या खालून पाणी ठिबकायला लागलं. घरच्यांच्या मते हा एकच प्रश्न होता: गिझर जुना, म्हणून वीज खातो, फाइव्ह स्टार घेतला की बिल उतरेल.

तिसरी गोष्ट कुणाच्या यादीतच नव्हती. तीच सगळ्यात गंभीर निघाली. काही महिन्यांपूर्वी आंघोळीच्या वेळी घराची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, वारंवार पडायची. बोलावलेल्या वायरमनने गिझरची लाइन आरसीसीबीतून काढून थेट एमसीबीवर (प्रमाणाबाहेर करंट ओढला तरच पडणाऱ्या स्विचवर) दिली. पडणं थांबलं, सगळे खूश. वास्तविक आरसीसीबी तिचं काम चोख करत होती. गिझरमधलं पाणी तापवणाऱ्या इलेमेंटमध्ये नायक्रोमची तार असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड आणि बाहेर धातूची नळी. नळीवर क्षारांचा थर चढला की पाण्याकडे उष्णता नीट जात नाही, नळी प्रमाणाबाहेर तापते आणि कालांतराने तिला बारीक चीर पडते. चिरेतून पाणी पुडीत शिरलं की करंट गळतो. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी नेमकी ही गळती पकडते. ती बाजूला काढल्यावर उरतो फक्त अर्थिंगचा भरवसा, आणि तेही कुणी तपासलं नव्हतं.

म्हणून पहिला निर्णय खरेदीचा नव्हताच. मोठा गिझर त्याच दिवशी बंद केला, लाइन परत आरसीसीबीवर घेतली, अर्थिंग तपासून घेतलं. इलेमेंट तात्पुरता बदलून टाकी आणखी काही आठवडे चालवली. ठिबकत्या टाकीत नवा इलेमेंट घालणं एरवी पैसे वाया घालवणं ठरलं असतं. इथे त्यामुळे घाईची खरेदी टळली आणि मोजायला वेळ मिळाला.

आधी मोजमाप

१६ अँपियरच्या सॉकेटमध्ये बसणारं, युनिटं दाखवणारं छोटं मीटर मिळतं. ते आळीपाळीने दोन्ही गिझरना लावलं. सोबत पाणी मोजलं. त्यासाठी १० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. कॉमन बाथरूमचा शॉवर पूर्ण उघडला की बादली ५५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ११ लिटर.

आजींना एक बादली, १८ लिटर. बाबांची बादली २२, सूनबाईंची केस धुण्याचे दिवस धरून सरासरी २५. मुलगा शॉवरखाली सात मिनिटं, मुलगी सहा: १४३ लिटर. हातपाय धुणं आणि आजींचं दिवसभराचं कोमट पाणी मिळून २० लिटर. एकूण २२८ लिटर, साधारण ४० अंशांचं.

पुण्यात जानेवारीच्या सकाळी नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, आणि एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. २२८ लिटर २० अंशांनी तापवायचं म्हणजे ४५६० किलोकॅलरी, अर्थात ५.३ युनिटं. मीटरवर मात्र दिवसाची सरासरी ७.५ आली. मधली २.२ युनिटं कुठे गेली?

१५ लिटरचा गिझर आजींसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत चालूच असायचा. एक दिवस तो तापवून, पाणी न काढता चोवीस तास ठेवून पाहिला. तेवढ्यात त्याने १.२ युनिटं नुसतं पाणी गरम ठेवायला खाल्ली. मोठा गिझर सकाळी पाच तास चालू, त्याची उष्णतेची गळती ०.६. पाइपमध्ये अडकून थंड होणारं पाणी साधारण ०.४.

इथे पहिल्यांदा घरच्यांचं गृहीतक डळमळलं. इलेमेंट पाण्यात बुडालेला असतो. त्यात गेलेली जवळपास सगळी वीज पाण्यातच उतरते, मग गिझर एक स्टारचा असो की पाच. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवरचे स्टार फक्त एक गोष्ट सांगतात: तापलेलं पाणी तसंच ठेवलं तर टाकीच्या भिंतीतून चोवीस तासांत किती वीज वाया जाते. पाणी तापवायला लागणारी ५.३ युनिटं कुठल्याही स्टारने कमी होणार नव्हती. ‘क्षार चढले की गिझर जास्त वीज खातो’ हेही विजेच्या गिझरच्या बाबतीत अर्धसत्य आहे. क्षारांनी इलेमेंट मरतो. बिल फारसं वाढत नाही.

बिलाचा हिशेबही सरळ करून घेतला. ३०० युनिटं ओलांडली की सगळंच बिल महाग दराने लागतं, असा समज घरात होता. तसं नसतं. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात गेलेल्या युनिटांना लागतो. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून या घरात १०१ ते ३०० मधलं युनिट १३ रुपयांच्या आसपास, तर ३०१ ते ५०० मधलं १६-१७ रुपयांना पडत होतं. गिझरची बचत नेहमी वरच्या टोकाकडून होते, त्यामुळे हिवाळ्यात वाचलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग युनिट असतं.

पर्याय

दुकानदाराचा सल्ला: ५० लिटर. मुलगा आंघोळीला असताना पाणी मध्येच कोमट पडतं ही तक्रार ऐकून तो म्हणाला, “दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तर हाल होत असतील. पन्नास घ्या, चिंता मिटली.” तक्रार खरी होती. सात मिनिटांच्या शॉवरला ७७ लिटर लागायचं. घरच्यांनी तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट ७५ अंशांवर चढवून ठेवला होता; तरी त्यातलं २८ लिटर गिझरमधून यावं लागे. २५ लिटरच्या टाकीतलं कामाचं पाणी साधारण २२ लिटर, कारण गरम बाहेर पडतं तसं थंड आत मिसळत जातं. तेवढ्या वेळात २ किलोवॅटचा इलेमेंट आणखी साडेतीनेक लिटर तापवतो. म्हणजे शेवटच्या मिनिटाला पाणी कोमट होणारच. पण ५० लिटर पहिल्यांदा तापायला सव्वा तास लागतो, रोज निम्मं पाणी उगाच तापून पडतं, आणि भरलेल्या टाकीचं साठ-सत्तर किलो वजन बाथरूमच्या चार इंची भिंतीवर टांगावं लागतं. वर्षातल्या एका पहाटेसाठी वर्षभराची टाकी निवडणं पटण्यासारखं नव्हतं.

पीएनजीवरचा, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅसवरचा, गिझर. चालवण्याच्या खर्चात हा पर्याय सरस: याच पाण्याला विजेच्या निम्म्याच्या आसपास खर्च. सूनबाईंचा कल याच्याकडे होता. पण दोन्ही बाथरूम लहान, खिडकी म्हणजे काचेच्या पट्ट्या, आणि थंडीत त्यावर प्लॅस्टिक लावलेलं. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालला की हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. गॅसमध्ये मिसळलेला वास गळती कळावी म्हणून असतो. गॅस जळून गेल्यावर तो मदतीला येत नाही. दरवर्षी अशा घटनांच्या बातम्या येतात. गिझर बाथरूमबाहेर, ड्राय बाल्कनीत लावता आला असता, पण तिथून शॉवरपर्यंत भिंती फोडून नऊ मीटर पाइप, आणि प्रत्येक वेळी तेवढं थंड पाणी आधी सोडायचं. शिवाय गॅस गिझरमधली तांब्याची बारीक नळी कडक पाण्याने लवकर चोंदते, आणि तिथे क्षार खरोखरच गॅस वाया घालवतात. मोकळ्या हवेची जागा बाथरूमला लागून असती, तर हा निर्णय कदाचित उलटा झाला असता.

हीट पंप. एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देणारं यंत्र, म्हणून ऊर्जेच्या हिशेबात यादीतलं सगळ्यात चांगलं. या घराची वर्षाला हजारावर युनिटं वाचली असती. टाकीसकट किंमत लाखाच्या घरात, तेही एक वेळ परवडलं असतं. अडलं ते जागेवर. २०० लिटरचं यंत्र पाण्यासकट पावणेतीनशे-तीनशे किलो भरतं, आणि ड्राय बाल्कनी म्हणजे पुढे काढलेला स्लॅब, त्यावर आधीच वॉशिंग मशीन. थंड हवा बाहेर फेकायला मोकळी जागा नाही, दोन बाथरूम घराच्या दोन टोकांना. बंगल्यात किंवा रो हाउसमध्ये सगळ्यात आधी याचाच विचार करावा. या फ्लॅटमध्ये तो बसत नव्हता.

सोसायटीचं सोलर. लाइन होती पण वापर नव्हता, कारण तीन बादल्या थंड पाणी सोडल्याशिवाय गरम येत नाही, असा अनुभव. मोजलं तेव्हा गच्चीवरून इथपर्यंत पाइपची लांबी साधारण ३३ मीटर निघाली. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे सोळा-सतरा लिटर थंड पाणी लाइनीतच उभं. डक्टमधलं (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतलं) पाइपाचं आवरण गळून पडलेलं, त्यामुळे पहिलं गरम पाणी पाइप तापवण्यातच जायचं. पण लाइन वरच्या मजल्यांशी सामाईक आहे. वरच्यांच्या आंघोळी सुरू झाल्या की ती आपोआप तापते. सातनंतर नळ उघडला तर नऊ-दहा लिटरांतच गरम पाणी येऊ लागलं. साडेसहाला शाळेसाठी निघणाऱ्या मुलीला याचा उपयोग नव्हता, बाबांना होता.

प्लंबरने सुचवलं की सोलरची लाइन गिझरच्या इनलेटलाच जोडू, म्हणजे थंड पाणी सोडायलाच नको. कल्पना चांगली आणि पुष्कळ ठिकाणी चालते. मात्र दोन लाइनींचे दाब वेगळे असतात, त्यामुळे पाणी उलट जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतोच. आणि सोलरमधून किती तापलेलं पाणी आत घेतलेलं चालेल, ते गिझरच्या माहितीपुस्तिकेत पाहावं लागतं. सोसायटीच्या टाकीतून गाळ येत होता. ती साफ होईपर्यंत हे काम थांबवलं. फक्त टी (पाइपला फाटा देणारा जोड) आणि बंद व्हॉल्व्ह बसवून ठेवला.

निर्णय

टाकी मोठी करण्याऐवजी पाणी कमी करायचं ठरलं. गिझर घेण्याआधी कॉमन बाथरूममध्ये मिनिटाला साडेसहा लिटर देणारा ८५० रुपयांचा शॉवर लावून पाहिला. असे शॉवर दाबावर अवलंबून असतात. तिसऱ्या मजल्यावर गच्चीच्या टाकीचा साधारण १२ मीटर उंचीचा, म्हणजे १.२ बारचा दाब मिळतो, तो पुरला. सातव्या मजल्यावर प्रेशर पंपाशिवाय हाच शॉवर रडत पडला असता. मुलाने दोन दिवस कुरकुर केली, मग विसरला.

आता सात मिनिटांना ४६ लिटर. थर्मोस्टॅट ६० वर आणला तरी त्यातलं निम्मंच, २३ लिटर, गिझरमधून यायला हवं. २५ लिटरची टाकी त्याला पुरते, आणि पुढच्या माणसासाठी पाणी तापायला पस्तीस मिनिटांच्या आत लागतात. म्हणून कॉमन बाथरूमला २५ लिटर, ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर असलेली) टाकी, २ किलोवॅट, फाइव्ह स्टार.

थर्मोस्टॅट ६० च्या खाली आणखी उतरवावा का, हा प्रश्न बाबांनी काढला. ४५-५० वर गळती अजून कमी होते हे खरं. पण साठवलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात, आणि घरात पंचाहत्तरीचं माणूस आहे. ६० वर ते तग धरत नाहीत. ६० च्या वर गेलं की क्षार झपाट्याने बसतात. म्हणून ६०.

आजींच्या बाथरूमचा निर्णय मात्र घाईत झाला. दिवसभर चालू राहणारी टाकी नको, या विचाराने ३ किलोवॅटचा, ३ लिटरचा इन्स्टंट गिझर आणला.

प्रत्यक्ष काम

वायरिंग आधी. आजींच्या बाथरूमच्या सॉकेटला १.५ चौरस मिलिमीटरची वायर निघाली आणि सॉकेटची एक बाजू काळी पडलेली. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपियर, तेही रोज सलग. ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, २० अँपियरचा डबल पोल स्विच, सगळं आरसीसीबीच्या खाली. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, ते काम मुलाकडे दिलं.

मग इन्स्टंट गिझर. तो बसला आणि दुसऱ्याच दिवशी सूनबाईंनी तक्रार केली, “नळ पूर्ण सोडला की पाणी गारच येतं.” गिझरमध्ये दोष नव्हता. ३ किलोवॅट मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतात. २० अंशांनी तापवायचं तर मिनिटाला जेमतेम २.१ लिटर. १८ लिटरची बादली भरायला साडेआठ मिनिटं, २५ लिटरला बारा. कामाला निघायच्या घाईत कोण थांबणार? नळ सोडला की धार मोठी आणि गार. आजींनी तर चार दिवस कॉमन बाथरूममधून बादली भरून आणवली. अखेर तो गिझर स्वयंपाकघराच्या सिंकला गेला, जिथे धार बारीकच लागते, आणि आजींच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा फाइव्ह स्टार बसला.

इथे मात्र स्टारने आपली किंमत वसूल केली. चांगल्या आवरणाच्या १५ लिटर टाकीतलं ६० अंशांचं पाणी तासाला साधारण एक-सव्वा अंशानेच उतरतं. आंघोळी झाल्या की टाकी पुन्हा तापवून साडेआठला बंद करतात. दुपारी दोनला पाणी अजून पन्नाशीच्या वर असतं. हातपाय धुवायला पुष्कळ झालं. ‘सारखं चालू-बंद केलं की जास्त वीज जाते’ म्हणून आजी बटण बंद करू देत नसत. बंद टाकी थंड होत जाते तसतशी तिची गळतीही कमी होत जाते, त्यामुळे परत तापवायला लागणारी वीज चालू ठेवण्याच्या विजेपेक्षा कधीच जास्त नसते. हे त्यांना आकड्यांनी नाही, मीटर डोळ्यांनी बघून पटलं.

गिझर बसवून आठवडा झाला तेव्हा एक गोष्ट खटकली: मोठ्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हखाली पाण्याचा थेंब नाही. २० वरून ६० अंशांवर जाताना पाणी दीड टक्क्याने फुगतं. २५ लिटरला हे पावणेचारशे मिलिलिटर होतं, आणि इनलेटवरच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी उलट जाऊ न देणारी झडप असल्याने फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. ते व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंबाथेंबाने बाहेर पडलंच पाहिजे. विचारल्यावर कळलं की फरशी ओली होते म्हणून प्लंबरने तोंडाला टेफ्लॉन गुंडाळून प्लग मारला होता. सगळा दाब टाकीवर. थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. प्लग काढला आणि तोंडाला पारदर्शक नळी लावून ती फ्लोअर ट्रॅपपाशी, म्हणजे फरशीवरच्या जाळीपाशी, सोडली. गिझर तापताना व्हॉल्व्हखाली थेंब दिसत नसतील तर कुणीतरी तोंड बंद केलंय का, ते आधी बघावं.

निकाल

पुढच्या जानेवारीत मीटर परत लावलं. दिवसाला ७.५ ऐवजी ५.१ युनिटं. बिल ४१२ वरून ३४१ वर आलं. सगळी युनिटं वरच्या टप्प्यातली वाचल्याने त्या एका महिन्यात साडेअकराशे-बाराशे रुपयांचा फरक.

फरक कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. वाचलेल्या २.४ युनिटांपैकी १.३५ शॉवरची. आजींच्या बाथरूममधली नवी टाकी आणि बटण बंद करण्याची सवय मिळून ०.८. सगळ्यात महाग वस्तू, १०,८०० रुपयांचा २५ लिटरचा फाइव्ह स्टार गिझर, त्याची बचत दिवसाला ०.२. सकाळी तीन-चार तास चालून बंद होणाऱ्या गिझरमध्ये स्टारला वाव असतो तो एवढाच. टाकी गळत होती म्हणून तो घ्यावाच लागला असता, ते वेगळं.

एकूण खर्च ३०,८५० रुपये: दोन टाक्या १९,७००, इन्स्टंट ३,६००, शॉवर ८५०, वायरिंग ४,५००, प्लंबर दोन फेऱ्यांचे २,२००. मार्चपासून बाबा सातनंतर सोलरची बादली भरतात, त्याची बचत यात धरलेली नाही.

नरकचतुर्दशीची पहाट निभावली. आजी आणि सूनबाई एकीकडे, बाकी तिघे दुसरीकडे, मुलगी पहिली आणि मुलगा शेवटी. तेल-उटणं लावून बसण्यात मधली पस्तीस मिनिटं आपसूक जातात.

वेगळं काय करता आलं असतं

इन्स्टंट गिझरचा घोळ कागदावरच टळला असता. १ किलोवॅट मिनिटाला १४.३ किलोकॅलरी देतो. त्याला किलोवॅटने गुणून किती अंश तापवायचं त्याने भागलं की मिनिटाला किती लिटर मिळणार ते कळतं. ज्या घरात बादलीने आंघोळ होते तिथे २.१ हा आकडा बघताच इन्स्टंट बाद. दुकानात मात्र ‘लगेच गरम’ एवढंच सांगतात, आणि ते खोटंही नसतं.

मोजमाप फक्त जानेवारीत झालं. मे महिन्यात गच्चीच्या टाकीतलं पाणीच तीस अंशांच्या वर येतं आणि गिझर बहुतेक दिवस बंद असतो. हीट पंपासारख्या महाग पर्यायाचा हिशेब करताना वर्षातले तीन-तीन महिने वेगळे मोजायला हवेत, नाहीतर जानेवारीच्या आकड्याला बाराने गुणून फसगत होते.

सोलरचा विषय सोसायटीच्या सभेत अजून पडून आहे. पाइपाचं आवरण परत बसवणं हे खर्चाच्या मानाने सगळ्या इमारतीला सर्वांत जास्त फायद्याचं काम. पण उष्णता गळते ती डक्टमध्ये, कुणाच्याच घरात नाही, म्हणून कुणी मागे लागत नाही.

आणि अ‍ॅनोड रॉड. टाकीऐवजी स्वतः झिजणारा हा मॅग्नेशियमचा दांडा जुन्या गिझरमध्ये चौदा वर्षांत एकदाही बदलला नव्हता. टाकी गळण्यामागे बहुधा तेच होतं. नवा गिझर वर्षभराने उघडला. एमसीबी बंद, इनलेट बंद, गरम नळ उघडा, सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका उचलून टाकी रिकामी, मग खालची, इलेमेंट धरून ठेवणारी फ्लँज. आत दीड वाटी पांढरा चुरा, आणि रॉड काही ठिकाणी आतल्या तारेपर्यंत झिजलेला. माहितीपुस्तिकेत दोन वर्षांनी बदला असं लिहिलं होतं, पण या पाण्याला दर वर्षी बदलावा लागणार. रॉडसोबत फ्लँजचं गॅस्केटही नवं घातलं, कारण जुनं एकदा दबलं की परत नीट बसत नाही. पुढची तारीख गिझरच्या खालच्या झाकणावर मार्करने लिहिली आहे.